आयव्हीएफमध्ये ट्रिगर कोणता देणार, हे आधी विचारून घे

ताई,

मी २९ वर्षांची आहे, कांदिवलीला राहते. लग्नाला पाच वर्षं झाली. मला पीसीओडी आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही. गोळ्या घेऊन झाल्या, तीन वेळा आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) झालं, उपयोग झाला नाही. आता डॉक्टरांनी आयव्हीएफ सांगितलंय. एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) ९.२ आलंय आणि सोनोग्राफीत दोन्ही बाजू मिळून तीसच्या वर फॉलिकल, म्हणजे बीजं वाढतात त्या पिशव्या, दिसतात.

माझ्या चुलत जावेचं दोन वर्षांपूर्वी आयव्हीएफ झालं. २८ बीजं निघाली म्हणून घरात सगळे खूश होते. पाचव्या दिवशी तिचं पोट इतकं फुगलं की तिला आडवं होता येईना, धाप लागली. आयसीयूत ठेवून पोटातलं पाणी काढलं. आता ती बरी आहे, पण त्या दिवसांबद्दल बोलत नाही.

माझ्या डॉक्टर म्हणतात, तुलाही तो धोका आहे, म्हणून सगळे गर्भ फ्रीज करू आणि ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं, पुढे करू. सासूबाईंच्या मते हे बिल वाढवायचं काम आहे. मिस्टरांच्या मित्राने दुसरं सेंटर सुचवलंय, तिथे त्याच महिन्यात ट्रान्सफर करतात आणि बीजंही भरपूर काढतात म्हणे. मी रोज लोकलने चर्चगेटला जाते. मला बाळ हवंय, पण जावेसारखं होण्याची भीती वाटते. हे टाळता येतं का? फ्रीज करणं खरंच गरजेचं आहे का?

– एक वाचक, कांदिवली

---

प्रिय मैत्रिणी,

टाळता येतं. तू लिहिलंयस त्यावरून तुझ्या डॉक्टर ते टाळण्याच्याच मार्गाने चालल्या आहेत. त्यामुळे सेंटर बदलायची घाई करू नकोस. आधी हे पत्र पूर्ण वाच, जमलं तर मिस्टरांना शेजारी बसवून वाच.

तुझी भीती अनाठायी नाही. तुझ्या जावेला जे झालं त्याला ओएचएसएस म्हणतात. इंजेक्शनांना बीजकोशांनी दिलेला हा अतिरेकी प्रतिसाद. तो कोणाला होऊ शकतो याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो. वय कमी, पीसीओडी, एएमएच ३.४ च्या वर, सोनोग्राफीत २४ पेक्षा जास्त फॉलिकल, शिवाय अंगकाठी बारीक असेल तर तेही. यातल्या बहुतेक गोष्टी तुझ्या पत्रातच आहेत. ‘मला होईल का’ याचं उत्तर म्हणून मी एवढंच सांगेन की काळजी न घेता जुन्या पद्धतीने उपचार केले, तर तुला होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा बरीच जास्त आहे. म्हणून तुझ्यासाठी आखणीच वेगळी करायची.

आता नेमकं काय बिघडतं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. एरवी एका महिन्यात एक बीज पिकतं. आयव्हीएफमध्ये रोजच्या इंजेक्शनांनी एकदम अनेक फॉलिकल वाढवतात. त्या आठ-दहा दिवसांत पोट जड वाटतं, पण खरा धोका सहसा तिथे नसतो. फॉलिकल पुरेसे मोठे झाले की बीजं शेवटची पिकवण्यासाठी एक इंजेक्शन देतात, तो ट्रिगर. पूर्वीपासून चालत आलेला ट्रिगर म्हणजे एचसीजी, गरोदरपणात शरीरात तयार होतं तेच संप्रेरक. ते दिल्यावर सुजलेल्या बीजकोशांमधून व्हीईजीएफ नावाचं एक द्रव्य भरमसाट सुटतं आणि ते रक्ताच्या बारीक नळ्यांच्या भिंती सैल करतं. पावसाळ्यात जुन्या चाळीच्या भिंतीतून ओल झिरपते ना, तसं रक्तातलं पाणी नळ्यांबाहेर झिरपून पोटात, कधी छातीत साठतं. नळ्यांच्या आत मात्र रक्त घट्ट होत जातं. लघवी कमी होते, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

शिकाऊ डॉक्टर असताना मी वॉर्डात अशी एक मुलगी सांभाळली होती. रोज सकाळी टेपने तिच्या पोटाचा घेर मोजायचा, लघवीचं माप लिहायचं, हे माझं काम. पोटात लिटरच्या लिटर पाणी, आणि ती मला म्हणायची, “डॉक्टर, तहान भागतच नाही हो.” त्या काळी आम्ही जवळजवळ सगळ्यांना एचसीजीचाच ट्रिगर द्यायचो, पुष्कळदा दहा हजार युनिटचा पूर्ण डोस. ती वाचली, बरी होऊन घरी गेली. पण आज जे माहीत आहे ते वापरलं असतं तर बहुधा तिला वॉर्डात यावंच लागलं नसतं, ही बोच मला अजून आहे. म्हणून या विषयावर मी जरा सविस्तरच लिहिते.

एचसीजीची अडचण ही की ते शरीरात आठवडाभर रेंगाळतं आणि तेवढे दिवस बीजकोशांना डिवचत राहतं. त्याला आता पर्याय आहे, अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर. ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन ही त्यातली नेहमीची औषधं. हे इंजेक्शन बीजकोशांवर थेट काम करत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीला ते जागं करतं, आणि ती ग्रंथी बीज पिकवणारं स्वतःचं संप्रेरक, एलएच, सोडते, दर महिन्याला बीज सुटताना सोडते तसंच. ही लाट दीड दिवसाच्या आत ओसरते. बीजं पिकतात, पण बीजकोश नंतर डिवचले जात नाहीत. तुझ्यासारख्या धोक्याच्या गटातल्या बायकांमध्ये यामुळे ओएचएसएसचं प्रमाण इतकं खाली येतं की माझ्या मते गेल्या काही दशकांत या उपचारात आलेला हा सर्वांत मोलाचा बदल आहे.

पण याला एक अट आहे, आणि तुझ्या मिस्टरांनी नवं सेंटर बघताना नेमकं हेच विचारायला हवं. पीयूष ग्रंथी आधीच झोपवलेली असेल तर तिला असं जागं करता येत नाही. लाँग प्रोटोकॉल नावाच्या पद्धतीत आदल्या पाळीच्या एकविसाव्या दिवसाच्या सुमारास इंजेक्शनं सुरू करून तिला झोपवलेलं असतं. अशा वेळी ट्रिगर म्हणून एचसीजीशिवाय इलाज उरत नाही. अँटागोनिस्ट प्रोटोकॉलमध्ये पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरुवात करतात आणि बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून सहाव्या दिवसाच्या आसपास दुसरं इंजेक्शन जोडतात. यात अ‍ॅगोनिस्ट ट्रिगरची वाट मोकळी राहते. हल्ली काही ठिकाणी त्या जोडीच्या इंजेक्शनाऐवजी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात, खर्च कमी होतो, आणि त्यातही हा ट्रिगर चालतो. ट्रिगर कोणता द्यायचा हे शेवटच्या दिवशी ठरतं असं वाटतं खरं, पण त्याची निवड पहिलं इंजेक्शन टोचण्याआधीच होऊन गेलेली असते. म्हणून पाळी येण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचार: माझा प्रोटोकॉल अँटागोनिस्ट आहे का? ट्रिगर अ‍ॅगोनिस्टचा देणार का? आणि दोन्ही मिळून देणार असाल, म्हणजे अ‍ॅगोनिस्टबरोबर थोडं एचसीजी, तर माझ्या बाबतीत ते का?

रोजच्या इंजेक्शनांचा डोसही विचारून घे. तुझ्यासारखीला साधारण १५० युनिटच्या आत सुरुवात करतात, वजन बघून. दोन दिवस फॉलिकल सावकाश वाढताना दिसले तर ‘डोस वाढवा’ म्हणून मागे लागू नकोस. पीसीओडीत बीजकोश पहिले काही दिवस गप्प असतात आणि मग एकदम धावत सुटतात.

आता फ्रीजचं. सासूबाईंना शंका आली यात त्यांची चूक नाही. फ्रीज करण्याचे, वर्षाला साठवणुकीचे आणि पुढच्या ट्रान्सफरचे पैसे वेगळे लागतात, आणि या उपचारात घरं कर्जात गेलेली मी पाहिली आहेत. सगळा खर्च आधीच कागदावर मागा. २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) उपचारांचे फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि धोके जोडप्याला सांगणं हे क्लिनिकचं कर्तव्य आहे, त्यामुळे विचारताना अवघडायचं कारण नाही. त्याच कायद्यात गर्भ साठवायची मुदत दहा वर्षांपर्यंत आहे. उरलेले गर्भ दुसऱ्या बाळासाठी कामी येऊ शकतात, हेही हिशेबात धरा.

पण तुझ्या बाबतीत फ्रीज करण्यामागचं कारण वैद्यकीयच आहे. समजा त्याच महिन्यात ट्रान्सफर केलं आणि गर्भ रुजला. मग तो रुजलेला गर्भच एचसीजी तयार करू लागतो, रोज वाढत्या प्रमाणात. ट्रिगरचं एचसीजी निदान आठवड्याने संपतं, हे संपत नाही. ट्रिगरपासून साधारण दहाव्या दिवसानंतर सुरू होणारा हा उशिराचा ओएचएसएस जास्त चिवट असतो आणि अनेकदा जास्त गंभीरही. ज्या दिवशी आनंदाची बातमी यायची त्याच दिवसांत आयसीयू. शिवाय अ‍ॅगोनिस्ट ट्रिगरनंतर शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन लवकर ओसरतं, त्यामुळे त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तरही गर्भ धरायला कमकुवत असतं. सगळे गर्भ द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवायचे, बीजकोश शांत होऊ द्यायचे, आणि अस्तर नीट तयार करून मग ट्रान्सफर करायचं. दोन्ही अडचणी एकदम सुटतात.

यात यश कमी होईल का, ही तुझी न विचारलेली काळजी मला दिसते. चीनमध्ये पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) असलेल्या १५०८ बायकांवर मोठा अभ्यास झाला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ताजा गर्भ, निम्म्यांना फ्रीज केलेला. पहिल्या ट्रान्सफरनंतर बाळ हाती आलं ते ताज्या गटात ४२ टक्क्यांना आणि फ्रीज गटात ४९.३ टक्क्यांना. ओएचएसएस ताज्या गटात ७.१ टक्के, फ्रीज गटात १.३ टक्के. एक गोष्ट उलटीही दिसली, तीही सांगते: गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार, प्रीएक्लॅम्पसिया, फ्रीज गटात जास्त होता, ४.४ टक्के विरुद्ध १.४ टक्के. म्हणून दिवस गेल्यावर तपासणाऱ्या डॉक्टरांना फ्रीज ट्रान्सफर होता हे नक्की सांग आणि रक्तदाबाची एकही तपासणी चुकवू नकोस.

सासूबाईंना एक गोष्ट सांगून बघ. ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांनी टेस्टट्यूब बाळ जन्मलं, ती बातमी त्या वयाच्या बायकांना बहुतेक आठवते. तेव्हा गर्भ गोठवण्याचं तंत्र आजच्याइतकं भरवशाचं नव्हतं, म्हणून गर्भ तयार झाला की लगेच गर्भाशयात सोडायचा हीच रीत होती. ‘त्याच महिन्यात’ हा आग्रह तिथून आलाय. आज चांगल्या लॅबमध्ये शंभरातले नव्वदहून जास्त गर्भ वितळवल्यावर शाबूत राहतात. आणि त्यांना पुढच्या भेटीला घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आणि सुनेच्या तोंडून ऐकलेलं यात घरात फरक पडतोच.

राहता राहिली ‘भरपूर बीजं’. ब्रिटनमधल्या चार लाखांवर आयव्हीएफ चक्रांचा हिशेब २०११ मध्ये मांडला गेला. ताज्या ट्रान्सफरमध्ये बाळ होण्याचं प्रमाण पंधरा बीजांपर्यंत वाढत गेलं, मग स्थिर राहिलं आणि विसाच्या पुढे उलट घसरलं. जावेच्या २८ बीजांचा आनंद कोणी मुद्दाम चुकीचा केला नव्हता, आकडा मोठा म्हणून माणसं हरखतात. पण जे सेंटर भरपूर बीजं आणि त्याच महिन्यात ट्रान्सफर, या दोन्ही गोष्टी तुझ्यासारख्या मुलीला कौतुकाने सांगतं, तिथे मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

काही वेळा इतकं सांभाळूनही फॉलिकल फार होतात. मग डॉक्टर कॅबरगोलीन नावाची गोळी देतात, अर्ध्या मिलिग्रॅमची, ट्रिगरच्या दिवसापासून आठवडाभर रोज. ती व्हीईजीएफचा परिणाम अडवते. केमिस्टकडे किंवा इंटरनेटवर बघशील तर ती प्रोलॅक्टिनची किंवा दूध बंद करायची गोळी म्हणून दिसेल. चुकून लिहिली असं समजून सोडून देऊ नकोस. चक्कर किंवा मळमळ होते, म्हणून रात्री जेवून घ्यायची. मेटफॉर्मिन आधीपासून चालू असेल तर स्वतःहून बंद करू नकोस. आणि फारच वेडेवाकडे फॉलिकल वाढले तर ट्रिगर न देता ते चक्र तिथेच सोडून देण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. पैसे गेल्याचं फार वाईट वाटतं, तरी तो निर्णय झाला तर हुज्जत घालू नका.

ट्रिगरची वेळ रात्रीची असते, पिकअपच्या, म्हणजे बीजं काढण्याच्या, आधी ३४ ते ३६ तास मोजून. पुष्कळ जणी तो घराजवळच्या नर्सिंग होममध्ये टोचून घेतात, आणि तिथल्या सिस्टरला तुझी केस माहीत नसते. टोचण्याआधी कुपीवरचं नाव मोठ्याने वाच, चिठ्ठीशी ताडून बघ, कुपीचा फोटो काढून क्लिनिकला पाठव. अ‍ॅगोनिस्ट लिहिलेलं असताना एचसीजी टोचलं गेलं तर सगळी काळजी वाया जाईल.

लोकलबद्दल. इंजेक्शनांच्या दुसऱ्या आठवड्यापासून पिकअपनंतर दोन आठवडे बीजकोश मोठे आणि जड असतात, धक्क्याने किंवा झटक्याने त्यांना पीळ पडू शकतो. सकाळच्या गर्दीत दारात उभं राहून चर्चगेट गाठायचं नाही. कांदिवलीच्या बायका बसायला मिळावं म्हणून उलट बोरिवलीला जाऊन तीच गाडी धरतात, तसं कर, नाहीतर ऑफिसात उशिराची शिफ्ट मागून घे. पिकअपनंतर निदान आठवडाभर रजा. व्यायामाचे वर्ग, दोरीच्या उड्या, जड हंडे-बादल्या आणि शरीरसंबंध हे या काळात बंद.

पिकअपनंतर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन कर आणि बेंबीवरून पोटाचा घेर मोज. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिही. थोडं फुगणं, पोट जड वाटणं हे आयव्हीएफच्या साधारण तीनातल्या एका चक्रात होतं आणि आपोआप उतरतं, त्याने घाबरू नकोस. पण एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी किंवा गडद झाली, उलट्यांमुळे पाणीही टिकेना, पोटदुखी वाढत गेली, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन कर. धाप लागली, एकच पाय सुजून दुखू लागला, मान किंवा हात सुजला, डोकं भयंकर दुखलं किंवा नजर अंधुक झाली, तर फोनवर न थांबता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलीस तर तोंड उघडताच सांग, “माझं आयव्हीएफ चालू आहे.” न सांगितल्याने अ‍ॅसिडिटी म्हणून औषध घेऊन दोन दिवस घालवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. पाळीत घेतेस त्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. सूज उतरावी म्हणून कोणी लघवीची गोळी देऊ केली तर तीही नको. पाणी नळ्यांबाहेर आहे, आतलं रक्त आधीच घट्ट आहे, ते आणखी घट्ट होईल.

नारळपाणी, सूप, ताक, डाळ, अंडी हे सगळं खुशाल घे, त्यात वाईट काही नाही. पण शेजारणी सांगतात तसं रोज चार शहाळी प्यायल्याने ओएचएसएस टळत नाही. तहान लागेल तेवढं पी, जबरदस्तीने तांब्या-तांब्या पाणी ढोसू नकोस. आणि पिकअपच्या आसपास हरतालिका आली तर यंदा निर्जळी उपवास धरायचा नाही. सासूबाईंनी हट्ट केला तर माझं नाव सांग.

जावेशी एकदा बोल. तिला काय झालं हे खोदून विचारू नकोस, ‘मला भीती वाटते’ एवढंच सांग. माझ्याकडे ज्या बायका यातून गेल्या, त्यातल्या बऱ्याच जणी गप्प राहतात, कारण घरात ‘झालं गेलं विसर’ म्हणून विषय मिटवलेला असतो. पिकअपच्या दिवशी तुझ्याजवळ बसायला तिच्याइतकी जाणती दुसरी कोणी नसेल.

शेवटचं काम आजच कर. क्लिनिककडून रात्रीचा तातडीचा नंबर मागून घे, फ्रिजवर चिकटव. आणि पहिलं इंजेक्शन घेण्याआधी एखाद्या रात्री अकरा वाजता तो लावून बघ, कोण उचलतं ते.

तुझी,
डॉक्टरताई